अकरावा दिवस

युहान्नुसच्या रात्री ताम्पेरे शहर रिकामं होतं.
माणसं तळ्याकाठच्या लाकडी घरांत जातात, सॉना तापवतात,
पाण्यालगत मोठाल्या आगट्या पेटवतात.
मी सायकल काढते, प्रयोगशाळेत येते.
पेशींना सुट्टी नसते.
त्यांचं गुलाबी पाणी रोज बदलावं लागतं
तान्ह्याच्या लंगोटासारखं, वेळच्या वेळी.

सदतीस अंशांचं कपाट. तिसरा कप्पा, डावीकडची बशी.
चिठ्ठीवर नाव नाही. पुरुष, वय एकोणचाळीस, एवढंच.
त्याच्या दंडाची मसुराएवढी कातडी
फेब्रुवारीत आली, बर्फाच्या डब्यातून.

आम्ही तिला मागे नेलं.
कातडीपणाच्याही मागे,
जिथे पेशी अजून कुणाची कोणी लागत नाही.
चार हाका पुरल्या. चार हाका आणि तीन आठवडे धीर.
मग ती गोल झाली, घट्ट झाली,
गर्भाच्या पाचव्या दिवसासारखी कोरी.
कोरी म्हणायची पद्धत आहे.

माझे वडील, तावेत्ती, नदीवर ओंडके निवडायचे.
उन्हाळाभर वरच्या रानांतून लाकूड वाहत यायचं,
सगळं एकाच पाण्यात, एकमेकांवर चढत,
आणि ते तराफ्यावर उभे, हातात आकडीची काठी.
बुडख्यावर हातोडीने ठोकलेली खूण बघायची:
हा कागदाच्या गिरणीला,
हा फळ्यांना, तो मागचा काड्यापेट्यांना.
फाट्यात शिरलेला ओंडका
उलटा परत येत नसे.
‘झाडाला ठाऊक असतं का?’ मी विचारलं होतं, सहा वर्षांची.
‘झाडाला झाड असणं पुरतं,’ ते म्हणाले,
आणि काळ्या पावाचा तुकडा मोडून दिला.

पेशीलाही कुणी सांगत नाही, तू हृदय हो.
कानाशी येतं ते शेजारणीचं बोलणं,
एखादा रेणू, थोडा की फार, आज की परवा.
पहिल्या दिवशी आम्ही एक दार ढकलतो,
तिसऱ्या दिवशी तेच लावून घेतो.
बारा तासांचा उशीर झाला
की बशी भलतंच काही होऊन बसते.
कडेच्या काहीजणी तर ऐकतच नाहीत,
लांब लांब हात काढून
मज्जापेशी होतात, एकट्याच.
मला त्यांचा राग येत नाही.

बाकीच्यांची पानं मिटत जातात.
ग्रंथ तोच, प्रत्येकीपाशी अख्खा,
फक्त पानापानावर बारीक खूण ठोकलेली:
हे उघडू नये.

आज अकरावा दिवस.
सूक्ष्मदर्शकाखाली बशी सरकवते,
श्वास धरते, का कोण जाणे.
काही नाही.
काही नाही.
मग कोपऱ्यातला एक पुंजका
दचकल्यासारखा हलतो.
पुन्हा हलतो.
पुन्हा.
रक्त नाही, छाती नाही, घाबरायला आत कुणी नाही,
तरी धडधडतं.
मी ओठांनी मोजते: एक, दोन, तीन, चार,

सहा.

पाचवा कुठे गेला?
ह्याच पाचव्यासाठी तो माणूस दवाखान्याची पायरी चढला असेल.
आणि हीच चूक त्या दंडाच्या कातडीत होती,
एकोणचाळीस वर्षं.
कातडीने घाम गाळला, ऊन खाल्लं, खरचटून घेतलं,
आणि कधी न उघडलेल्या पानावर
दुसऱ्याची चूक
जशीच्या तशी सांभाळली.

वडील तराफ्यावरच गेले, एका जुलैत, उभ्याउभ्या.
कुणी म्हणालं ऊन. कुणी म्हणालं दारू.
आकडीची काठी दोन मैल खाली सापडली.

नोंदवहीत लिहिते:
माध्यम बदललं. पेशी ठीक. ठोका चुकतो.
बशी उबेत परत ठेवते, दार दोनदा तपासते.

बाहेर रात्रीचा एक, आणि उजेड गेलेला नाही.
तळ्यापलीकडे आग अजून दिसते, कुणीतरी अकॉर्डियन वाजवतंय, बेसूर.
सायकलचं कुलूप उघडता उघडता
मी मनगटावर बोट ठेवते,
चारपर्यंत मोजते,
आणि सोडून देते.